मज्जारज्जूतले स्थलांतर

दसरा उलटला की बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातल्या नांदूरघाट परिसरातून ट्रक आणि ट्रॅक्टर भरून निघू लागतात. भांडीकुंडी, बाजरीचे पोते, ताडपत्री, कोयते, लहान लेकरे, एखादी शेळी असा सगळा संसार चढवला जातो आणि टोळी साखर कारखान्याच्या वाटेला लागते. उचल आधीच घेतलेली असते. मुकादम ठरलेला असतो, कारखाना ठरलेला असतो. स्थलांतर म्हणजे काय, हे या भागात कुणाला समजावून सांगावे लागत नाही.

जीवशास्त्रात हाच शब्द पेशींसाठी वापरतात. गर्भ राहिल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत बाळाच्या शरीरातल्या असंख्य पेशी जिथे जन्मल्या ती जागा सोडून दुसरीकडे मुक्कामाला जातात. त्यातला एक मोठा गुंतागुंतीचा प्रवास पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत होतो. अंतर म्हणाल तर मिलिमीटरच्या अंशाइतके. पण इथे मुकादम नाही, नकाशा नाही आणि वाट दाखवायला मेंदूही नाही, कारण तो स्वतःच अजून घडतो आहे. तरीही स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी पोटाच्या बाजूला, स्पर्श आणि वेदना टिपणाऱ्या पाठीच्या बाजूला, घाम आणि रक्तदाब सांभाळणाऱ्या कडेला अशी वस्ती नेमकी बसते. एका बाजूचे तंतू दुसऱ्या बाजूला जायचे असतात, तेही जातात. हे सगळे कोण घडवून आणते, या प्रश्नाचे बरेचसे उत्तर गेल्या ३०-३५ वर्षांत हाती आले आहे. त्यातला एक धागा पुण्यापर्यंत येतो आणि एक, थोडा वेगळ्या अंगाने, नांदूरघाटच्या गाडीपर्यंत.

आधी दिवसांचा हिशेब. गर्भधारणेनंतर तिसऱ्या आठवड्यात गर्भाच्या पाठीवर पेशींची एक चपटी पट्टी उमटते. तिच्या दोन्ही कडा उचलल्या जातात, एकमेकींकडे झुकतात आणि जुळतात. पोळीची सुरळी करावी तशी. तयार होणाऱ्या या पोकळ नळीला चेतानलिका म्हणतात. तिच्या वरच्या भागाचा मेंदू होतो, खालच्या भागाचा मज्जारज्जू. नळीचे वरचे तोंड २५व्या दिवसाच्या सुमारास मिटते, खालचे २८व्या दिवसाच्या सुमारास. आता हे दिवस पाळीच्या हिशेबात बसवून पाहा. पाळी नियमित असेल तर गर्भ राहिल्यानंतर साधारण १४ दिवसांनी ती चुकते. त्या दिवशी पट्टी नुकती कुठे उमटायच्या बेतात असते. ‘कामाच्या दगदगीने लांबली असेल, अजून पंधरा दिवस पाहू’ असे म्हणेपर्यंत नळी मिटलेली असते. किंवा मिटायची राहून गेलेली असते.

खालचे तोंड उघडे राहिले तर मणक्यात फट राहते. त्याला स्पायना बायफिडा म्हणतात. अनेक बाळांच्या पाठीवर जन्मतःच पाण्याने भरलेला फुगा दिसतो, पायांत ताकद नसते, पुढे लघवी-शौचावर ताबा राहत नाही. वरचे तोंड उघडे राहिले तर कवटी आणि मेंदूच नीट घडत नाहीत आणि असे बाळ जगत नाही. हा झाला प्रवासाआधीचा भाग. घरच उभे राहिले नाही तर आतली वस्ती कशी बसणार?

नळी मिटली की तिच्या आतल्या अस्तरात पेशी भराभर विभागू लागतात. नव्या पेशी अस्तर सोडून बाहेरच्या अंगाला सरकतात. पण कुणी कुठे जायचे हे ठरण्याआधी कुणी काय व्हायचे हे ठरते आणि तेही रसायनांच्या मदतीने. नळीच्या तळातून ‘सॉनिक हेजहॉग’ नावाचे प्रथिन झिरपत राहते. तळाजवळच्या पेशींना ते दाट मिळते, वरच्यांना विरळ. वरच्या बाजूने ‘बीएमपी’ नावाची प्रथिने उलट दिशेने झिरपतात. स्वयंपाकघरात लसणाची फोडणी पडली की वासाच्या तीव्रतेवरून आपण चुलीपासून किती दूर आहोत याचा अंदाज ओसरीवर बसूनही येतो. पेशी तेच करते. कोणता वास किती दाट, यावरून ती आपली जागा ओळखते आणि त्याप्रमाणे स्नायू हलवणारी, वेदना टिपणारी किंवा मधला निरोप्या होणारी चेतापेशी बनते.

नावाचा किस्सा सांगण्यासारखा आहे. क्रिस्टियान न्युसलाइन-फोलहार्ड आणि एरिक विशाउस यांनी १९८०च्या सुमारास फळमाशीच्या अळ्यांमधले जनुकीय दोष तपासले. एका दोषात अळीच्या अंगावर दाट काटे येत, म्हणून त्या जनुकाला काटेरी जाहकाचे, म्हणजे ‘हेजहॉग’चे नाव मिळाले. या कामाला १९९५ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. मणक्याच्या प्राण्यांमध्ये त्याचे भाऊबंद सापडले तेव्हा एकाला थेट व्हिडिओ गेममधल्या पात्राचे नाव दिले गेले. प्रयोगशाळेत हे गमतीचे वाटते. एखाद्या आईला तिच्या बाळाच्या जनुकातला दोष समजावून सांगताना मात्र डॉक्टरांची या नावाने पंचाईत होते.

शेजारच्या मणक्यांच्या कोंबांतूनही एक संदेश येतो, रेटिनॉइक आम्लाचा. हे अ जीवनसत्त्वापासून तयार होते. मुरमांवर दिले जाणारे आयसोट्रेटिनॉइन हे औषध याच कुळातले. म्हणूनच गर्भारपणात आणि गर्भ राहण्याची शक्यता असताना ते घ्यायचे नसते. बाहेरून आलेला मोठा डोस या नाजूक संदेशावर आवाज चढवतो आणि बाळाचे कान, हृदय, मेंदू यांत व्यंग निर्माण होऊ शकते. मेडिकलच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय, मैत्रिणीच्या सांगण्यावरून ही गोळी आणणाऱ्या मुलींना हे कुणी सांगत नाही.

आता प्रत्यक्ष चाल. घाम, हृदयाची गती, रक्तवाहिन्यांचे आकुंचन यांवर ताबा ठेवणाऱ्या पेशींचा एक गट मज्जारज्जूत असतो. तो आधी स्नायूंच्या चेतापेशींबरोबर पोटाच्या बाजूला जातो, मग त्यांची संगत सोडून कडेने वर सरकतो आणि ठरलेल्या पट्ट्यात थांबतो. १९५१ साली लडखडत चालणाऱ्या एका उंदराच्या वाणाची नोंद झाली होती. त्याला ‘रीलर’ म्हणतात. त्याच्यात जे प्रथिन नसते त्याचा जनुक १९९५ साली सापडला आणि त्याला ‘रीलिन’ नाव पडले. अशा उंदरांच्या मज्जारज्जूत या पेशी निघतात बरोबर, पण कडेला थांबत नाहीत. त्या परत फिरून मधल्या पोकळीजवळ गर्दी करतात, असे २०००मध्ये दिसून आले. म्हणजे ‘चल’ सांगणारा संदेश जितका लागतो तितकाच ‘बस, इथेच थांब’ सांगणाराही लागतो. माणसात रीलिनचा जनुक दोन्ही पालकांकडून बिघडलेला आला तर मेंदूच्या वळ्या नीट पडत नाहीत आणि मूल खूप मागे राहते.

पण या सगळ्यात अभ्यासकांना सर्वाधिक नादी लावले ते पेशीच्या प्रवासापेक्षा तिच्या तंतूच्या प्रवासाने. चेतापेशी आपल्या जागी बसते आणि एक लांब तंतू पुढे पाठवते. उजव्या पायात काटा रुतला तर त्याची कळ मज्जारज्जूतच बाजू बदलते आणि मेंदूच्या डाव्या भागाकडे जाते. चालताना एक पाय पुढे, दुसरा मागे हा ताल राखायलाही दोन्ही बाजूंची बोलणी व्हावी लागतात. त्यासाठी गर्भावस्थेत हजारो तंतूंना मज्जारज्जूची मधली रेषा ओलांडावी लागते. एकदाच. ओलांडून परत यायचे नाही आणि मध्येच रेंगाळायचेही नाही.

स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी १८९०मध्ये कोंबडीच्या गर्भाचा मज्जारज्जू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. वाढत्या तंतूच्या टोकाला त्यांना एक फुगीर शंकू दिसला, बोटे पसरलेल्या पंजासारखा. त्यांनी पाहिले ते मृत ऊतक होते, पण ते टोक जिवंतपणी चाचपडत पुढे जात असणार, हे त्यांनी ओळखले. काही रसायने त्याला ओढत असावीत असा तर्कही त्यांनी दोन वर्षांत मांडला. तर्क बरोबर होता. ते रसायन सापडायला मात्र शंभर वर्षे लागली.

१९९४ साली मार्क टेसिए-लविन यांच्या कॅलिफोर्नियातल्या गटाने कोंबडीच्या २० हजारांहून अधिक गर्भांचे मेंदू गाळून, घुसळून, वेगळे करून त्यातून ते प्रथिन मिळवले. मज्जारज्जूच्या तुकड्याशेजारी ते ठेवले की तंतू त्याच्याकडे वळत. त्याला नाव हवे होते. त्यांनी ते संस्कृतमधून घेतले. ‘नेतृ’, म्हणजे नेणारा, वाट दाखवणारा. त्यावरून ‘नेट्रिन’. आपला ‘नेता’ त्याच धातूतला. नेत्यांबद्दलचे मत काहीही असो, हे प्रथिन आपले नाव राखून आहे. त्याचा जुळा भाऊ जमिनीतल्या एका मिलिमीटरभर लांबीच्या कृमीत आधीच सापडला होता आणि तिथेही तो तंतूंना वाट दाखवण्याचेच काम करत होता. इतक्या दूरच्या दोन प्राण्यांत एकच वाटाड्या असावा, याचे तेव्हा अनेकांना नवल वाटले.

पण नेट्रिनने एक कोडे उभे केले. मधल्या रेषेची एवढी ओढ आहे तर तंतू तिथेच का थांबत नाही? आठवडी बाजाराला निघालेला माणूस सकाळी गर्दीकडे ओढीने जातो आणि पिशवी भरली की त्याच गर्दीतून बाहेर पडायला धडपडतो. गर्दी तीच असते, माणसाची गरज बदललेली असते. तंतूचेही तसेच होते. मधल्या रेषेवर ‘स्लिट’ नावाचे दुसरे एक प्रथिन असते आणि ते तंतूला दूर ढकलते. त्याचा संदेश ओळखणाऱ्या तंतूवरच्या प्रथिनाला ‘रोबो’ म्हणतात. हे नाव यंत्रमानवावरून आलेले नाही. ज्या माशीत हा जनुक बिघडतो तिचे तंतू मधली रेषा पुन्हा पुन्हा ओलांडत चौकातल्या वाहनांसारखे गोल फिरत राहतात, म्हणून ‘राउंडअबाउट’ आणि त्याचे आखूड रूप रोबो. मधल्या रेषेपर्यंत पोहोचेतो रोबोच्या कुटुंबातलाच एक सदस्य, रोबो-३, तंतूला स्लिटबाबत बहिरा ठेवतो. रेषा ओलांडली की तो बाजूला होतो, तंतूला स्लिट ‘ऐकू’ येऊ लागतो आणि ओढीच्या जागी दुरावा येतो. संदेश बदलत नाही. वाचणारा बदलतो.

पाठ्यपुस्तकांत हे चित्र पक्के बसले होते: तळातून नेट्रिनचा वास येतो, तंतू वासाच्या मागे जातो. २०१७मध्ये पॅरिस आणि कॅलिफोर्नियातल्या गटांनी वेगवेगळे काम करून त्याला धक्का दिला. तळाच्या पेशींतून नेट्रिन काढून टाकले तरी बरेचसे तंतू वाट चुकेनात. नळीच्या अस्तरातल्या पेशीही नेट्रिन बनवतात आणि ते कडेपर्यंत पोहोचवतात, असे आढळले. म्हणजे नेट्रिन हा दुरून येणारा वासच नव्हे, पायाखालची चिकट पायवाटही आहे. नंतरच्या प्रयोगांत मज्जारज्जूत दोन्हींचा हात असल्याचे दिसले. शंभर वर्षे मुरलेला तर्क खोटा ठरला नाही, पण अर्धा ठरला.

पायवाटेचा मुद्दा आला की पुण्याचे काम समोर येते. पाषाणच्या आयसर या संस्थेत अर्णब घोष यांची प्रयोगशाळा चेतातंतूच्या या टोकाचा अभ्यास करते. त्यांच्या गटाचा एक शोधनिबंध २०१६मध्ये ‘डेव्हलपमेंट’ या नियतकालिकात आला. लेखकांत सहस्रबुद्धे, घाटे, मुतालिक अशी आडनावे दिसतात. त्यांचा प्रश्न साधा होता. खूण वाचली, दिशा कळली, पण पाय टेकायला पकड नसेल तर?

तंतूच्या टोकाला जी बोटे असतात त्यांच्यात ‘ॲक्टिन’ या प्रथिनाचे दोर भरलेले असतात. हे दोर पुढच्या टोकाला विणले जातात आणि सतत मागे सरकत राहतात. बोट जमिनीला चिकटलेले असेल आणि आतला दोर त्या चिकटलेल्या जागेला बांधलेला असेल तरच मागे सरकणाऱ्या दोराचा जोर टोकाला पुढे नेतो. मोटारीत इंजिन धडधडत असते, पण क्लच लागल्याशिवाय चाक फिरत नाही, त्यातलाच प्रकार. पुण्याच्या गटाने ‘फॉर्मिन-२’ या प्रथिनावर लक्ष धरले. ते कमी केले तर बोटांच्या टोकांची पकड टिकत नाही, बोटे लवकर सुटतात, तंतूची चाल मंदावते, असे त्यांना बशीत वाढवलेल्या पेशींमध्ये दिसले.

मग तेच जिवंत गर्भात पाहिले. मदतीला पुन्हा कोंबडीच आली. अंड्याच्या कवचाला छोटी खिडकी पाडायची, गर्भाच्या चेतानलिकेत हवे ते द्रव्य सोडायचे, विजेचे सौम्य झटके देऊन ते पेशींत शिरू द्यायचे, खिडकी बंद करायची आणि अंडे पुन्हा उबेला ठेवायचे, अशी ही पद्धत. ऐकायला सोपी, हाताला अवघड. फॉर्मिन-२ घटवलेल्या गर्भांत मज्जारज्जूतले बाजू बदलणारे तंतू नीट वाढत नव्हते आणि मधल्या रेषेपाशी चुकत होते. नेट्रिन होते, स्लिट होते, खुणा जागच्या जागी होत्या. पावलांना पकड नव्हती. २०२०मध्ये मुंबईच्या आयआयटीतल्या सहकाऱ्यांबरोबर केलेल्या पुढच्या कामात या गटाने टोकाने जमिनीवर लावलेला जोर मोजला आणि फॉर्मिन-२ क्लचसारखे काम करते या म्हणण्याला आधार दिला.

याला केवळ कोंबडीचे विज्ञान म्हणून सोडून देता येत नाही. फॉर्मिन-२चा जनुक दोन्ही पालकांकडून बिघडलेला आल्यास बौद्धिक अक्षमता येऊ शकते, असे याआधी काही कुटुंबांत आढळले होते. मूल ‘मंद’ आहे म्हणून ज्याच्याकडे पाहिले जाते, त्याच्या बाबतीत कुठे तरी एखाद्या तंतूच्या बोटाला पकड मिळाली नसेल, इतकी साधी आणि इतकी दूरची गोष्ट कारण असू शकते.

खुणा वाचण्यातला दोष माणसात कसा दिसतो, याची दोन उदाहरणे विलक्षण आहेत. काही माणसांनी उजव्या हाताची मूठ वळली की डाव्या हाताचीही आपोआप वळते. शर्टाची बटणे लावणे, एका हाताने भांडे धरून दुसऱ्याने घासणे, टंकलेखन करणे, साऱ्यात अडचण. बुद्धी उत्तम, ताकद उत्तम, पण हात एकमेकांची नक्कल करतात. अशा काही कुटुंबांत नेट्रिनचा संदेश वाचणाऱ्या ‘डीसीसी’ या प्रथिनाचा जनुक बिघडलेला असल्याचे २०१०मध्ये स्पष्ट झाले. दुसरे उदाहरण रोबो-३चे. तो जनुक दोन्ही पालकांकडून बिघडलेला आला तर डोळे डावी-उजवीकडे वळत नाहीत, बाजूला पाहायचे तर मान वळवावी लागते, आणि लहानपणापासून पाठीचा कणा वाकडा होत जातो. २००४मध्ये याचे मूळ सापडले. या माणसांत मेंदूचा उजवा भाग बहुतांशी उजव्याच हातावर हुकूम चालवतो, कारण तंतू ओलांडलेच नाहीत. दोन्ही पालकांकडून एकच दोष येण्याची शक्यता जवळच्या नात्यातल्या लग्नांत वाढते. मामाची मुलगी किंवा आत्याचा मुलगा करण्याची रीत जिथे आहे, तिथे घरात आधी असा आजार असल्यास लग्नापूर्वी किंवा निदान गर्भापूर्वी जनुकीय सल्ला घेण्यात काही कमीपणा नाही.

याहून अधिक आढळणारा एक आजार खऱ्या अर्थाने पेशींच्या स्थलांतराचा आहे. चेतानलिका मिटताना तिच्या वरच्या कडेवरून काही पेशी सुटतात आणि शरीरभर पसरतात. त्यातली एक टोळी मानेच्या बाजूने आतड्यात शिरते आणि चौथ्यापासून सातव्या आठवड्यापर्यंत वरून खाली, गुदद्वारापर्यंत चालत जाते. वाटेत ‘जीडीएनएफ’ नावाचे प्रथिन तिला पुढे ओढते. आतडे ढकलण्याचे काम पुढे आयुष्यभर याच पेशींचे जाळे करते. टोळी शेवटपर्यंत पोहोचली नाही तर आतड्याचा शेवटचा भाग चेतापेशींविना राहतो, आवळलेला राहतो आणि मागे सगळे तुंबते. याला हिर्शस्प्रंग आजार म्हणतात. साधारण ५,००० जन्मांमागे एका बाळाला तो असतो. खूण अगदी साधी: बहुतेक बाळे पहिली काळी शी पहिल्या एक-दोन दिवसांत करतात, या बाळांना ती ४८ तास उलटले तरी होत नाही, पोट फुगते, हिरवट उलट्या होतात. असे झाले तर घुटी, बोळू, शेक यांत वेळ न घालवता बालरोगतज्ज्ञ गाठावा लागतो. शस्त्रक्रियेने तो भाग काढता येतो आणि बहुतेक मुले पुढे चांगली वाढतात.

यातल्या किती गोष्टी आईबापांच्या हातात आहेत? खरे सांगायचे तर थोड्या. जनुकातला दोष गोळीने दुरुस्त होत नाही. तंतू मधल्या रेषेवर चुकला की काय, हे सोनोग्राफीत दिसत नाही. पण पहिला टप्पा, नळी मिटण्याचा, बऱ्याच प्रमाणात हातात आहे आणि त्याची गोष्ट मुंबईत सुरू होते.

१९२८ साली ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर परळच्या हाफकिन संस्थेत आली. गिरण्यांत राबणाऱ्या गर्भवती बायकांना होणाऱ्या एका जीवघेण्या रक्तक्षयाचे कारण तिला शोधायचे होते. तिला तो जंतूंत सापडला नाही, ताटात सापडला. यीस्टपासून बनवलेल्या मार्माइट या स्वस्त पदार्थाने बायका सुधारू लागल्या. १९३१मध्ये तिने हे प्रसिद्ध केले. त्यातला गुणकारी घटक दहा वर्षांनी पालकाच्या पानांतून वेगळा झाला. पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक आम्ल नाव मिळाले. १९४०च्या दशकात अमेरिकेत तो कृत्रिमरीत्या तयार करणाऱ्या कंपनीतल्या संशोधनाची धुरा यल्लाप्रगडा सुब्बाराव या भारतीयाकडे होती. परळच्या गिरणी कामगारणींच्या रक्तातून सुरू झालेला हा शोध मज्जारज्जूच्या कामी येईल, हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हते.

ते १९९१मध्ये सिद्ध झाले. आधीचे एक बाळ चेतानलिकेच्या दोषाने गमावलेल्या किंवा तसे बाळ असलेल्या १,८१७ स्त्रियांवर सात देशांत चाचणी झाली. गर्भ राहण्याआधीपासून फॉलिक आम्ल घेतलेल्यांमध्ये हा दोष पुन्हा होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले. भराभर विभागणाऱ्या पेशींना नवा डीएनए घडवायला फॉलिक आम्ल लागते आणि चेतानलिकेच्या कडांना ते नेमके त्या आठ-दहा दिवसांत लागते. नंतर कितीही दिले तरी उघडी राहिलेली नळी मिटत नाही.

आणि इथेच नांदूरघाटची गाडी आडवी येते. गर्भ राहण्याचा विचार करणाऱ्या प्रत्येक स्त्रीने आधीपासून पहिल्या तीन महिन्यांपर्यंत रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल घ्यावे, असे ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमही सांगतो. पण गावोगावी गोळ्या हातात पडतात त्या बहुधा नाव नोंदवल्यावर, म्हणजे पाळी चुकून महिना-दोन महिने झाल्यावर. ऊसतोडीला गेलेल्या बाईचा तर तोही नेम नसतो. तिची आशा ताई गावात, ती दोन जिल्हे पलीकडे कोपीत. पहाटे अंधारात फडात उतरायचे, मोळ्या डोक्यावरून गाडीत चढवायच्या. खाडा झाला तर पैसे कापले जातात, म्हणून दवाखान्याची फेरी पुढे ढकलली जाते. नवराबायको मिळून एक कोयता, त्यामुळे एकटीने सुट्टी घ्यायचीही सोय नाही. उघड आहे, दोष तिच्या अडाणीपणाचा नाही. वेळापत्रक कारखान्याचे आहे, आणि गर्भाच्या पहिल्या २८ दिवसांचे वेळापत्रक त्याला विचारून चालत नाही.

म्हणून गोळी निघण्याआधी मिळायला हवी. नवीन लग्न झालेल्या, पुढचे मूल हवे असलेल्या बायकांनी टोळी ठरते त्याच सुमारास आशा ताईकडून किंवा आरोग्य केंद्रातून फॉलिक आम्लाच्या गोळ्यांची पट्टी मागून घ्यावी आणि हंगामभर पुरेल एवढी घ्यावी. कार्यक्रमात इतर बायकांना आठवड्याला एक लोहाची गोळी दिली जाते, तिच्यातही ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. तीही चुकवू नये, पण ती रोजच्या गोळीची जागा घेत नाही. हरभरा, मूग, चवळी, मेथी, पालक यांत हे आम्ल असते. शिजवताना त्यातले बरेच जाते, म्हणून नुसत्या भाकरी-पिठल्यावर भिस्त ठेवून भागत नाही. आधीच्या बाळाला असा दोष झाला असेल तर डोस दहापट लागतो आणि तो डॉक्टरांनीच ठरवायचा असतो. फिट्ससाठी व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या स्त्रियांमध्ये स्पायना बायफिडाचा धोका जास्त असतो. त्यांनी औषध मनाने बंद करू नये, पण गर्भाचा विचार करण्याआधी डॉक्टरांना भेटून ते बदलता येते का, हे विचारावे. १८ ते २० आठवड्यांच्या सोनोग्राफीत उघडी नळी बहुधा दिसते. फडाच्या जवळचे सरकारी रुग्णालय त्यासाठी चालते, त्यासाठी गावी परतायची गरज नाही.

कारखान्यांचे पट्टे पडतात तेव्हा मार्च सरत आलेला असतो, कधी एप्रिल उजाडतो. टोळी परत फिरते. नोव्हेंबरात राहिलेल्या बाळाचा मज्जारज्जू तोवर उभा राहिलेला असतो, तंतूंनी बाजू बदललेल्या असतात, आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गाठोड्याला टेकून बसलेल्या त्याच्या आईला पोटातल्या लाथा कधीच्याच जाणवू लागलेल्या असतात.